कोळसा कंपनी : शेअर, रोखे आणि मालकीचा तक्ता कसा वाचायचा

शिरोलीकर

मंडळी, फौंड्रीला लागणाऱ्या कोकचा भाव चढला की कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावात कोळसा कंपन्यांच्या शेअरची चर्चा हमखास निघते. त्यात आता रोख्यांची, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाच्या कागदांची, भर पडली आहे. रोख्याची दर्शनी किंमत दहा हजारांवर आल्यापासून ‘नऊ-साडेनऊ टक्के मिळतात, ठेवीपेक्षा बरं’ असं सांगत रोखे घरोघर पोचवले जाताहेत. रोखा कोणाचा आणि परतफेड कशातून होणार, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही.

या धाग्यात दोनच गोष्टी हव्यात. कोळसा कंपनीची मालकी वाचताना काय बघायचं, आणि तिचा रोखा घेण्याआधी काय तपासायचं. ‘टार्गेट काय’ आणि ‘सोमवारी कसा उघडेल’ यासाठी दुसरे धागे आहेत. जाणकारांनी आकडे धरून लिहावं ही विनंती.

हिशोबनीस

शिरोलीकर, कोकपासूनच सुरुवात करतो, कारण पहिली गल्लत इथेच होते. फौंड्रीचा हार्ड कोक कोकिंग कोळशापासून बनतो. चांगल्या प्रतीच्या कोकिंग कोळशासाठी आपला देश आयातीवर, त्यातही मुख्यतः ऑस्ट्रेलियावर अवलंबून आहे. कोल इंडियाने २०२३-२४ मध्ये सुमारे ७७.४ कोटी टन कोळसा काढला. त्यातला बहुतेक औष्णिक वीजकेंद्रांचा माल, आणि तो इंधनपुरवठा करारांखाली ठरीव भावाने जातो. उरलेला थोडा ई-लिलावात. म्हणजे कोक महागला म्हणून कोल इंडियाचा नफा त्याच मापात वाढेल, हा हिशोब बसत नाही. तिच्या नफ्याची चढउतार समजून घ्यायची तर दोन आकडे बघा : एकूण विक्रीतला किती भाग ई-लिलावात गेला, आणि करारातल्या भावापेक्षा तिथे किती जास्त मिळाले.

आता मालकी. २०१० च्या ऑक्टोबरात कोल इंडियाचा आयपीओ आला तेव्हा सरकारने आपला १० टक्के हिस्सा शेअरमागे २४५ रुपयांनी विकला. किरकोळ गुंतवणूकदारांना ५ टक्के सवलत होती. ती पूर्णपणे सरकारच्या हिश्श्याची विक्री होती. नवा शेअर एकही काढला नव्हता, त्यामुळे कंपनीच्या खात्यात एक रुपयाही आला नाही. सगळा पैसा सरकारी तिजोरीत गेला. २०१५ च्या जानेवारीत आणखी १० टक्के विकले, साडेबावीस हजार कोटींच्या आसपास आले, तेही तिजोरीतच. २०१८ मध्ये पुन्हा विक्री झाली, मधल्या काळात सीपीएसई ईटीएफमार्फत (सरकारी कंपन्यांचे शेअर असलेल्या फंडामार्फत) हिस्सा उतरत गेला, आणि २०२३ च्या जूनमध्ये ३ टक्के विकल्यावर सरकारकडे ६३.१३ टक्के राहिले.

‘कंपनीने बाजारातून पैसा उभा केला’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हाच : कोणी उभा केला? मालकाने हिस्सा विकला तर कंपनीचं भांडवल तेवढंच राहतं, खाणीत नवा डंपर येत नाही.

बायबॅकचं उलटं असतं. २०१६ मध्ये कंपनीने ३३५ रुपयांनी १०.८९ कोटी शेअर परत घेतले, ३,६५० कोटी खर्चून. २०१९ मध्ये २३५ रुपयांनी ४.४७ कोटी, १,०५० कोटींना. हा पैसा कंपनीच्या तिजोरीतून गेला. ६३१.६४ कोटी शेअर होते त्यांचे ६१६.२७ कोटी झाले. प्रतिशेअर मिळकत जुन्या वर्षांशी ताडताना हा फरक धरायला विसरू नका.

मंगळवार_पेठ

हिशोबनीस काका, सरकार हिस्सा विकायला काढतं त्याच्या आदल्या दिवशी शेअर घेतलेल्यांचं काय होतं? आणि लाभांशाचा पैसा नेमका कुठे जातो, तेही सांगा.

हिशोबनीस

विक्रीचा तळभाव बाजारभावापेक्षा खाली ठेवतात. २०२३ च्या जूनमध्ये तळभाव २२५ होता, आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा साधारण पावणेसात टक्के खाली. घोषणा बाजार बंद झाल्यावर येते, दुसऱ्या दिवशी शेअर तळभावाच्या दिशेने घसरतो. सरकारी कंपनीत हा धोका कायमचा धरायचा. मोठ्या मालकाला पैशाची गरज पडली की तो विकणार, आणि ती गरज त्याच्या अंदाजपत्रकावर ठरते. खाणीत काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नसतो.

लाभांशाचं गणित सरळ आहे. २०२४-२५ साठी एकूण २६.५० रुपये प्रतिशेअर. गुणिले ६१६.२७ कोटी, म्हणजे १६,३३१ कोटी. त्यातले ६३.१३ टक्के, सुमारे १०,३०० कोटी, सरकारला. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी कंपनीने करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ४ टक्के, यातलं जे जास्त तेवढा लाभांश किमान द्यायचा असतो. लहान भागधारकाला याचा फायदा होतो, कारण सरकारला जेवढा दर तेवढाच त्याला. पण खाणी वाढवायच्या वर्षीही हा पैसा बाहेर जातो, हे रोखा घेणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

आणखी एक. सौदापूर्ती आता दुसऱ्या दिवशीच होते. त्यामुळे रेकॉर्ड डेटच्या (लाभांश कोणाला द्यायचा हे ज्या दिवशीच्या यादीवरून ठरतं त्या तारखेच्या) किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली हवी. रेकॉर्ड डेटलाच घेतला तर लाभांश विकणाऱ्याला जातो आणि तुम्ही लाभांश वजा झालेल्या भावाने घेतलेला असतो.

कंपनी_सचिव

मालकीचा तक्ता दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर येतो. चार तक्ते असतात : पहिला गोषवारा, दुसरा प्रवर्तक, तिसरा सार्वजनिक, चौथा बिगर-प्रवर्तक बिगर-सार्वजनिक. लोक पहिला बघून थांबतात. खरं वाचन दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे.

दुसऱ्या तक्त्यात तारण ठेवलेले किंवा अन्यथा बोजा असलेले शेअर दाखवणारा भाग असतो. सरकारी कंपनीत तो कोरा. खासगी कोळसा किंवा पोलाद-कोळसा कंपनीत तो आधी बघा. प्रवर्तकाने शेअर तारण ठेवून दुसऱ्याच धंद्यासाठी कर्ज काढलेलं असतं. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, ते नाही मिळालं तर बाजारात शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. ‘शेअर विकणार नाही’ असं सावकाराला दिलेलं हमीपत्रही बोजातच धरलं जातं. त्यामुळे ‘तारण शून्य’ ही जाहिरातीतली ओळ पुरेशी नाही, बोजाचा पूर्ण भाग वाचायचा.

तिसऱ्या तक्त्यात १ टक्क्याहून जास्त धारण करणाऱ्यांची नावं येतात. कोल इंडियात सरकारनंतरचं सगळ्यात ठळक नाव एलआयसीचं.

आता मताधिकार. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो. तो सरकार एकट्याने करू शकतं. विशेष ठरावाला पडलेल्या मतांच्या ७५ टक्के लागतात. पडलेल्या मतांच्या, एकूण शेअरच्या नव्हे. ६३.१३ ला ०.७५ ने भागा, ८४.१७ येतात. म्हणजे एकूण शेअरपैकी सुमारे ८४ टक्क्यांपर्यंतच मतदान झालं तर विशेष ठरावही सरकार कोणाच्या मदतीशिवाय मंजूर करून घेतं. मतदान त्यापुढे गेलं की संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या मताला वजन येतं. आणि हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली गेला तर कंपनी कायद्यानुसार ती सरकारी कंपनी राहत नाही. पुढच्या विक्रीला किती जागा उरली आहे याचा अंदाज या आकड्यावरून घ्या.

कुपन_तारीख

रोख्यांकडे वळू. आधी एक गोष्ट पक्की करा : निव्वळ कोळसा काढणारी मोठी सरकारी कंपनी रोखे बाजारात फारशी दिसत नाही. तिच्याकडे रोकड असते, वीजकेंद्रं कोळसा घेतच असतात. रोखे काढतात ते वीजकेंद्र बांधणारे. एनएलसी इंडियाचं उदाहरण घ्या. नेयवेलीचा लिग्नाइट, ओडिशातल्या तालाबिराचा कोळसा, आणि त्यावर चालणारी वीज. विजेचा दर ठरवताना केंद्रीय नियामक आयोग प्रकल्पखर्चाचे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असं धरतो, कर्जावरचं व्याज दरातून वसूल होतं. असं वसुलीचं साधन हाती असलं की कर्ज काढणं सोपं जातं. खाणीला हा आधार नाही. तिथे परतफेड टनामागे उरणाऱ्या पैशातूनच.

म्हणून रोख्याच्या कागदावर ‘कोळसा’ दिसला की विचारा : कर्ज खाणीवर आहे, वीजकेंद्रावर, की पोलाद कारखान्यावर?

दुसरा प्रश्न : रोखा मूळ कंपनीचा की उपकंपनीचा? कोल इंडियाच्या खाणी ईसीएल, बीसीसीएल, सीसीएल, एनसीएल, डब्ल्यूसीएल, एसईसीएल, एमसीएल यांच्या नावावर आहेत. आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या खाणी डब्ल्यूसीएलच्या. मूळ कंपनीला मुख्यतः लाभांश येतो. कोणत्याही समूहात अशी रचना असेल तर उपकंपनीच्या सावकारांची देणी आधी भागतात, उरलेलं वर सरकतं. मूळ कंपनीचा रोखा त्या अर्थाने मागच्या रांगेत असतो. मूळ कंपनीने उपकंपनीच्या रोख्याला ‘लेटर ऑफ कम्फर्ट’ (पाठिंब्याचं पत्र) दिलं असेल तर ती हमी समजू नका. हमी असेल तर कागदावर ‘बिनशर्त आणि अपरिवर्तनीय हमी’ अशाच शब्दांत लिहिलेलं असतं.

इचलकरंजी_प्रोसेस

सरकारी कंपनीचा रोखा म्हटल्यावर सरकार मागे आहेच की. त्यात एवढं काय बघायचं?

कुपन_तारीख

दादा, सरकार भागधारक आहे, जामीन नाही. सरकारी हमी असलेल्या रोख्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि सरकार त्यासाठी कंपनीकडून हमी शुल्क घेतं. बाकीच्या ठिकाणी पतमानांकन संस्था ‘सरकार गरजेला धावेल’ असा अंदाज धरून एखादी पायरी वर देतात. तो अंदाज आहे, करार नाही. मानांकनाच्या टिपणात ‘कंपनीची स्वतःची पत’ आणि ‘मालकाच्या आधाराने मिळालेली पत’ कशी मांडली आहे तेवढा परिच्छेद वाचा.

आणि ठेवीशी तुलना करताना एवढं ध्यानात घ्या : सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला नाही, आणि रोख्यालाही नाही.

खरेदीची पद्धत लिहितो.

बाजार नियामक सेबीने रोख्याची किमान दर्शनी किंमत २०२३ च्या जानेवारीपासून १० लाखांवरून १ लाख आणि २०२४ मध्ये, काही अटींवर, १० हजार केली. ऑनलाइन विकणारा मंच सेबीकडे कर्जरोखे विभागातला ब्रोकर म्हणून नोंदलेला हवा. पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या (एक्स्चेंजवरचे सौदे पुरे करणाऱ्या संस्थेच्या) खात्यात जायला हवेत. एजंटच्या किंवा कुठल्याशा ‘ट्रेडिंग कंपनी’च्या चालू खात्यात भरायला सांगितलं तर तिथेच थांबा.

आयसिन (ISIN), म्हणजे रोख्याचा ओळखक्रमांक, तपासा. बारा अक्षर-अंकांचा असतो. आठवा आणि नववा अंक कागदाचा प्रकार सांगतात : शेअरला ०१, डिबेंचरला ०७, बाँडला ०८, कमर्शियल पेपरला १४. तो क्रमांक डिपॉझिटरीच्या संकेतस्थळावर टाकून मुदत, व्याजदर, व्याजाची तारीख, विश्वस्ताचं (रोखेधारकांच्या वतीने देखरेख करणाऱ्या संस्थेचं) नाव जुळवून घ्या.

मग साठलेलं व्याज. समजा दर्शनी १ लाखाचे दोन रोखे, ९ टक्के, व्याज वर्षातून एकदा १ एप्रिलला. तुम्ही २५ ऑगस्टला घेतले. मधले १४६ दिवस, म्हणून एका रोख्यामागे ९,००० × १४६ ÷ ३६५ = ३,६०० रुपये विकणाऱ्याचे. रोख्याचा निव्वळ भाव ९८,५०० असेल तर तुम्ही प्रत्येकी १,०२,१०० भरता. पावती बघून ‘चढ्या भावाने घेतला’ असं वाटतं, प्रत्यक्षात तो दर्शनी किमतीच्या खाली पडलेला असतो.

गडबड पुढे होते. एप्रिलमध्ये दोन्ही रोख्यांचं १८,००० व्याज येतं आणि १० टक्के टीडीएस, १,८०० रुपये, पूर्ण रकमेवर कापला जातो. तुमची खरी कमाई २१९ दिवसांची, १०,८०० रुपये. बाकीचे ७,२०० तुम्ही खरेदीलाच मोजले होते. खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा आणि विवरणपत्र भरताना सीएला ती दाखवा, नाहीतर प्राप्तिकर खात्याच्या टीडीएस नोंदीतला आकडा आणि तुमचं उत्पन्न यांचा मेळ बसत नाही. २०२३ च्या एप्रिलआधी सूचीबद्ध रोख्यांवर टीडीएस नव्हता, त्यामुळे जुन्या माणसांनी सांगितलेली ‘रोख्याला कपात नाही’ ही गोष्ट आता लागू नाही.

खाणपट्टा

इथपर्यंत कागदाचं झालं. आता खड्ड्याकडे बघू, कारण पैसा तिथून येतो.

खाण ही संपणारी मालमत्ता आहे. रोख्याची मुदत वर्षांत लिहिलेली असते, खाणीची टनांत. दोन्हींची सांगड घालायची. कागदावरची खाण घेऊ : काढता येण्याजोगा साठा ४.२ कोटी टन, वर्षाला ३५ लाख टन. बारा वर्षं पुरते. त्यावर दहा वर्षांचा रोखा, मुद्दल सगळं शेवटी. दहा वर्षांनी साठ्यातले ७० लाख टन उरतात, म्हणजे १६.७ टक्के. खाण प्रकल्पांना कर्ज देणारे साधारण २५ ते ३० टक्के साठा कर्ज फिटतानाही शिल्लक हवा असं धरतात. पहिल्या दोन वर्षांत जमीन ताब्यात यायला उशीर झाला, रस्ता अडला, तर उत्पादन पुढे ढकललं जातं, आणि रोख्याची तारीख काही पुढे जात नाही. मुद्दल शेवटी एकदम देणारा रोखा अशा खाणीवर मला चुकीचा वाटतो. दरवर्षी थोडं थोडं मुद्दल फेडणाराच हवा.

आता टनाचा हिशोब. हीच खाण लिलावात घेतलेली, महसुलाचा २० टक्के वाटा सरकारला. रॉयल्टी वगैरे वगळून टनाला २,००० मिळतात. ४०० सरकारचा वाटा. काढण्याचा रोख खर्च १,१००. उरले ५००. गुणिले ३५ लाख, १७५ कोटी. कर्ज ५०० कोटी, ९.५ टक्के, मुद्दल वर्षाला ५० कोटी. पहिल्या वर्षी व्याज ४७.५ आणि मुद्दल ५०, मिळून ९७.५ कोटी. डीएससीआर (वर्षाला उरणारा पैसा भागिले त्या वर्षीचं व्याज आणि मुद्दल) १.७९. बँकवाला खूश.

भाव १५ टक्के पडला, १,७०० झाला. वाटा ३४०, खर्च तोच १,१००, उरले २६०. वर्षाला ९१ कोटी. डीएससीआर ०.९३.

इथेच एक पेच आहे, तो कागदात खोल दडलेला असतो. महसुलाचा वाटा प्रत्यक्ष विक्रीभाव आणि राष्ट्रीय कोळसा निर्देशांकावरून काढलेला भाव, यातल्या चढ्या आकड्यावर द्यावा लागतो. निर्देशांक उशिरा खाली आला आणि तुम्ही १,७०० ला विकताय, तर वाटा ४०० च राहतो. मग उरतात २००, वर्षाला ७० कोटी, डीएससीआर ०.७२. यात अजून प्राप्तिकर आणि खाण बंद करण्याच्या खर्चासाठी राखीव असलेल्या एस्क्रो खात्यातला वार्षिक भरणा धरलेला नाही. लिलावात मोठ्या टक्क्याची बोली लावून घेतलेली खाण म्हणजे भाव पडला की सगळ्यात आधी दम तुटणारी खाण.

खर्चाची बाजू. उघड्या खाणीत स्ट्रिपिंग रेशो बघा : एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. कोळशाचा थर आत झुकत गेला की दरवर्षी खड्डा खोल होतो आणि हा आकडा वाढतो. ३ चे ४ झाले आणि घनमीटरला ११० रुपये खर्च असेल, तर टनामागे ११० रुपये वाढले. वरच्या उदाहरणात ५०० चे ३९० झाले, १३६.५ कोटी, डीएससीआर १.४०. भाव जागेवर असताना. अडचणीतली खाण पहिल्यांदा काय करते तर माती हलवणं कमी करते आणि उघडा पडलेला कोळसा उचलते. त्या वर्षी नफा छान दिसतो, पुढच्या वर्षी उचलायला कोळसाच उघडा नसतो. उत्पादन वाढलं पण ओव्हरबर्डन (कोळशावरची माती-दगड) काढणं घटलं, असं दोन-तीन तिमाह्या दिसलं तर सावध व्हा.

पाऊसही धरा. जुलै ते सप्टेंबर उघड्या खाणीत पाणी भरतं, हौल रोड (खाणीतले डंपरचे रस्ते) चिखलात जातात, ती तिमाही कमजोर असते. जानेवारी ते मार्च भरभराटीची. मार्चच्या तिमाहीचा आकडा चारने गुणून व्याज झाकतंय का ते बघू नका. लागोपाठच्या चार तिमाह्या घ्या.

मंगळवार_पेठ

खाणपट्टा दादा, साठ्याचा म्हणजे काढून ठेवलेल्या कोळशाचा आकडा ताळेबंदात मोठा दिसतो. तो तारण म्हणून चांगला ना?

खाणपट्टा

ढिगाचं मोजमाप सर्वेक्षणाने करतात. कोल इंडियाच्या लेखा धोरणात पुस्तकी साठा आणि मोजलेला साठा यांत ५ टक्क्यांपर्यंत फरक असेल तर पुस्तकी आकडाच धरतात. एवढी ढिलाई या मालाच्या स्वभावातच आहे. ढीग उघड्यावर राहिला की आतून तापतो, धुमसतो, वजनही जातं आणि उष्मांकही. प्रत जी१ ते जी१७, दर ३०० किलोकॅलरीला एक पायरी : जी११ म्हणजे ४,००१ ते ४,३००, जी१२ म्हणजे ३,७०१ ते ४,०००. त्रयस्थ संस्थेच्या नमुन्यात प्रत एक पायरी खाली आली की ग्राहकाला क्रेडिट नोट द्यावी लागते, विक्रीचा आकडा मागाहून कमी होतो. वार्षिक अहवालात ‘कोळशाच्या प्रतीतील तफावतीसाठी तरतूद’ शोधा. ती वर्षागणिक फुगत असेल तर खाणीतला माल उतरत चालला आहे.

शिवाय ढिगावर बहुतेक वेळा खेळत्या भांडवलाच्या बँकेचा पहिला बोजा असतो. रोखेधारकाला तो पोचतच नाही.

शिरोलीकर

फार उपयोगी. मग रोखेधारकाच्या वाट्याला तारण म्हणून येतं काय? आणि कंपनी बुडाली तर रांग कशी लागते?

कंपनी_सचिव

सहसा स्थिर मालमत्तेवर इतर सावकारांबरोबरचा समान बोजा : शॉव्हेल, डंपर, ड्रॅगलाइन, कोळसा धुण्याचा प्लांट, रेल्वे सायडिंग. ‘समान’ हा शब्द बघा, आणि ‘आणखी कर्ज काढताना रोखेधारकांची संमती लागेल का’ ते कलम बघा. संमती लागत नसेल तर आज १०० कोटींचं तारण तुमच्या ५० कोटींना पुरतं, उद्या तेच १५० कोटींच्या कर्जात वाटलं जातं. खाणपट्टा तारणात लिहिलेला मोठा भारदस्त दिसतो, पण तो दुसऱ्याच्या नावावर करायला सरकारची परवानगी लागते. सुरक्षित रोख्यांसाठी तारण किती पट आहे याचं प्रमाणपत्र कंपनी तिमाही निकालाबरोबर एक्स्चेंजला देते, तेच वाचा.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ची रांग अशी : आधी प्रक्रियेचा आणि विक्रीचा खर्च. मग कामगारांचं २४ महिन्यांचं देणं आणि तारण सोडून रांगेत आलेले सुरक्षित सावकार, दोघे समान. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने. मग विनातारण वित्तीय देणी. विनातारण रोखा इथे येतो. त्यानंतर सरकारची दोन वर्षांची देणी, आणि तारण विकूनही न भागलेली सुरक्षित सावकारांची उरलेली रक्कम. पुढे बाकीची देणी, प्रेफरन्स शेअरवाले, आणि अगदी शेवटी शेअरवाला. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीचा पैसा तर या रांगेच्याही बाहेर, तो आधीच बाजूला. खाणीत माणसं भरपूर असतात, त्यामुळे कामगारांचा आकडा इतर धंद्यांपेक्षा मोठा निघतो. तो ताळेबंदात कर्मचारी लाभांच्या तरतुदीत दिसतो, कर्जात दिसत नाही.

आणखी एक देणं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ ला ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करता येते, वसुली १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत. कोणत्याही खाण कंपनीच्या अहवालात ‘संभाव्य देणी’ ही टीप उघडून या निकालाबद्दल काय लिहिलंय ते बघा. कंपनी हा बोजा ग्राहकावर ढकलू शकते का, हे विक्री करारावर ठरतं. करारात कर वेगळा लावायची मुभा नसेल तर ढकलता येत नाही.

कुपन_तारीख

रांगेचा अनुभव जगाने घेतलेला आहे, दोन उदाहरणं देतो.

अमेरिकेची पीबॉडी एनर्जी. २०११ मध्ये क्वीन्सलँडच्या पुरामुळे कोकिंग कोळशाचा तिमाही भाव टनाला ३३० डॉलरवर गेला होता. त्याच वर्षी पीबॉडीने ऑस्ट्रेलियातली मॅकार्थर कोल सुमारे ५ अब्ज डॉलरला घेतली, मोठं कर्ज काढून. २०१६ च्या सुरुवातीला तोच भाव ८१ डॉलरवर आला. १३ एप्रिल २०१६ ला कंपनीने दिवाळखोरी अर्ज केला, कर्ज १० अब्ज डॉलरच्या वर. शिवाय खाणीची जमीन पूर्ववत करण्यासाठी कोणतंही तारण न ठेवता, स्वतःच्याच शब्दावर दिलेल्या हमी १०० कोटी डॉलरहून जास्त होत्या. राज्यांनी त्या खऱ्या तारणाने बदलून मागितल्या, तो ताण वेगळा. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनी बाहेर आली तेव्हा जुने शेअर रद्द झाले, भागधारकांना काही मिळालं नाही, आणि रोखेधारक नव्या कंपनीचे मालक झाले. खाणी चालूच होत्या. मालक बदलले.

पोलंडची कोळसा कंपनी जेएसडब्ल्यू (आपल्याकडच्या त्याच नावाच्या पोलाद कंपनीशी संबंध नाही). मालकी बहुमताने सरकारची, शेअर २०११ पासून वॉर्सात सूचीबद्ध. २०१४ मध्ये तिने दुसऱ्या सरकारी कंपनीकडून क्नुरूफ-श्चिग्वोवित्से ही खाण सुमारे दीड अब्ज झ्लॉटींना घेतली आणि त्यासाठी रोखे काढले. कोकिंग कोळसा पडत राहिला, वर्षभरात मुदतीआधी परतफेडीचा प्रश्न उभा राहिला. अटी नव्याने ठरवायला २०१६ उजाडलं, आणि रोकड उभी करायला समूहातले काही धंदे विकावे लागले. इचलकरंजीच्या दादांना उत्तर यातच आहे : बहुमताचा मालक सरकार असूनही रोखेधारकांना टेबलावर बसून अटी बदलून द्याव्या लागल्या.

दोन्हींत कर्ज भाव चढलेला असताना किंवा उतरणीला लागलेला असताना, खाण विकत घ्यायला काढलेलं. रोख्याच्या ‘निधीचा वापर’ या कलमात ‘संपादन’ लिहिलं असेल तर कोणत्या भावाच्या वर्षी घेतलं ते बघा.

इचलकरंजी_प्रोसेस

पटलं. शेवटचं विचारतो : रोखा घेऊन झाल्यावर लक्ष कशावर ठेवायचं?

कुपन_तारीख

मानांकन, विश्वस्ताच्या सूचना आणि तारखा. रोख्याच्या अटी सांगणाऱ्या ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’मध्ये बघा की मानांकन घसरलं तर व्याज वाढतं का, दर पायरीला पाव टक्का अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. आणि ठराविक पायरीच्या खाली गेलं तर पैसे परत मागण्याचा हक्क आहे का. हा हक्क असला तरी खिडकी काही दिवसांचीच असते, आणि सूचना डीमॅटमध्ये नोंदवलेल्या ईमेलवर येते. बऱ्याच घरांत तो ईमेल खातं उघडून देणाऱ्या पोराचा असतो, त्याला ती सूचना म्हणजे जाहिरात वाटते आणि खिडकी बंद होते. आधी ईमेल आणि मोबाइल आपला आहे का ते डीपीकडे (डीमॅट खातं जिथे आहे त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे) तपासा.

व्याजाची रेकॉर्ड डेट साधारण देय तारखेच्या १५ दिवस आधी असते. त्या दोन तारखांच्या मधे रोखा विकला किंवा घेतला तर व्याज कोणाला, हे सौद्याच्या वेळीच स्पष्ट करून घ्या. व्याज एक दिवस जरी चुकलं तर कंपनीला एक्स्चेंजला कळवावं लागतं. पैसे दोन दिवसांनी आले म्हणून विषय सोडू नका, विश्वस्ताला लेखी कारण विचारा.

खाणपट्टा

त्यात एक भर. दर महिन्याचं उत्पादन आणि उचल (ग्राहकांकडे गेलेला कोळसा), हे दोन आकडे कोल इंडियासारख्या सूचीबद्ध कोळसा कंपन्या एक्स्चेंजला कळवतात. उत्पादन उचलीपेक्षा सतत जास्त असेल तर कोळसा ढिगात जातोय, पैसा येत नाहीये. कारण रेल्वेच्या रेकची (मालगाड्यांची) टंचाई असेल तर तो प्रश्न काही महिन्यांत सुटतो. वीजकेंद्रंच माल घेत नसतील, किंवा राज्यांच्या वीज कंपन्यांनी आधीचं बिल थकवलं असेल, तर येणी किती दिवसांची झाली ते पुढच्या ताळेबंदात बघा.